टीव्हीखालच्या डब्याचा बोर्ड एकदाचा ठरला

प्रिय आई-बाबा,

फोनवर नीट सांगता येत नाही, तीन मिनिटं झाली की बाबा "बरं ठेवतो, बिल चढतंय" म्हणतात, अनलिमिटेड आहे हे शंभरदा सांगून झालंय, म्हणून लिहूनच पाठवतेय. आई, तू मोठ्याने वाच, बाबांचा चष्मा सापडेपर्यंत संध्याकाळ होईल.

तर टीव्हीखाली ठेवायला मी जो छोटा कॉम्प्युटर जुळवतेय, त्याचा मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात ती मुख्य पाटी, ठरला. तीन आठवडे लागले. बाबा, तुम्ही म्हणालात टीव्हीला लावायच्या डब्याला एवढा काय विचार, टीव्हीच्या मागे खोचायचं ते छोटं स्टिक मिळतं ते लाव की. लावलं असतं हो, फक्त युट्यूब बघायचं असतं तर लावलंच असतं. पण २०२१ च्या पुरात आपला डेक गेला, व्हीसीआर गेला, तुमच्या कॅसेटी माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या, आणि आता त्या सगळ्या कॉम्प्युटरवर चढवून झाल्यात, लग्नाची व्हीएचएस पण. ते सगळं मला दोन हार्डडिस्कवर ठेवायचंय, एकीची हुबेहूब कॉपी दुसरीवर, म्हणजे एक गेली तरी दुसरी आहे. स्टिकला दोन मोठ्या हार्डडिस्क कुठे लावू?

आणि मदरबोर्डावर एवढी का अडले तर, बाबा, तुमच्या अँप्लिफायरसारखंच आहे ते. रॅम नंतर वाढवता येते, प्रोसेसरही बदलता येतो, पण बोर्डाला मागे जे सॉकेट नाही ते नंतर उगवत नाही. त्यामुळे मी आधी आपलं घर डोळ्यासमोर आणलं आणि मग बोर्ड बघायला बसले.

आधी मला मिनी आयटीएक्स मापाचा बोर्ड हवा होता, १७ सेंटीमीटरचा चौकोन, इतका गोड दिसतो की बस. पण तोच चिपसेट, म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप, त्याहून मोठ्या मायक्रो एटीएक्स मापाच्या बोर्डावर स्वस्त पडतो, आणि छोट्या कॅबिनेटमध्ये दोन मोठ्या हार्डडिस्क बसवायच्या म्हणजे एसटीत सणासुदीला जागा शोधण्यासारखं. बाबांनी टेपने मोजून टीव्हीखालचा कप्पा १४ इंच खोल सांगितला, मायक्रो एटीएक्स बोर्ड फार तर ९.६ इंचाचा, म्हणजे कॅबिनेट धरूनही बसेल. गोडवा गेला खड्ड्यात.

मग पुण्यात तपकीर गल्लीच्या बाजारात गेले. एका दुकानात दोघं-तिघं माझ्याशी बोलायच्या ऐवजी सोबत आलेल्या मित्राशीच बोलत होते, आणि त्याला साधा चार्जर कळत नाही. त्यांनी कोट काढून दिलं त्यात प्रोसेसर होता आय३ १२१००एफ. शेवटचा तो एफ बघा. म्हणजे आत ग्राफिक्सच नाही, बोर्डाला मागे एचडीएमआय असून उपयोग शून्य, टीव्हीवर नुसता अंधार, आणि मग वेगळं ग्राफिक कार्ड घ्या, त्याचा पंखा ऐका. हजार-दीड हजार वाचवून हे! मी साधा १२१०० म्हटलं. त्याच्या आतलंच ग्राफिक्स युट्यूबचे एव्ही१ ह्या नव्या पद्धतीने दाबून लहान केलेले व्हिडिओ स्वतः उलगडतं, प्रोसेसरवर भार पडत नाही, त्यामुळे पंखा जवळजवळ ऐकू येणार नाही. आपल्या जुन्या पीसीवर आईचं कीर्तन लावलं की तो पिठाच्या गिरणीसारखा ओरडायचा, आठवतंय ना.

एचडीएमआयचीही गंमत आहे. काही स्वस्त बोर्डांना त्याची जुनी १.४ आवृत्ती असते, त्यावर फोर के चित्र सेकंदाला ३० फ्रेमच जातं, २.० असेल तर ६०. सिनेमा मुळात २४ चा, त्याला चालून जातं, पण क्रिकेटला बॉल तुटक तुटक दिसला की बाबा टीव्हीवाल्याला शिव्या देणार. खोक्यावर नुसतं फोर के लिहिलेलं असतं, आकडा आत स्पेसिफिकेशनमध्ये शोधावा लागतो.

आता बाबा, नीट ऐका, हा भाग खास तुमच्यासाठी. तुमच्या अँप्लिफायरला कॉम्प्युटर जोडला की तो घूंऽऽ आवाज येतो, आणि तुम्ही म्हणता अर्थिंगचा लूप आहे. बरोबर आहे तुमचं. म्हणून मी मागे ऑप्टिकल आउट असलेला बोर्ड घेतेय, त्यातून आवाज उजेडाच्या रूपात जातो, तांब्याची तारच नाही तर त्या वाटेने लूप होणार कसा. पुढे एक छोटी डबी लागेल जी त्याचं परत अँप्लिफायरच्या साध्या लाल-पांढऱ्या आरसीए पिनांच्या सिग्नलमध्ये करते, ती मी आणते. खूप बोर्डांवर हे सॉकेट नसतं, नुसत्या पिना असतात आणि वरचा ब्रॅकेट वेगळा शोधत फिरा. ह्या एका भोकापायी स्वस्तातला एच६१० चिपसेट सोडून वरच्या बी७६० वर गेले, पैसे जास्त गेले, किती ते आईला नंतर सांगेन.

वायफायवाला बोर्ड मात्र नाही घेतला. जांभ्याच्या भिंतीतून माजघरातल्या राऊटरची रेंज पडवीत येत नाही तर ह्या डब्यात काय येणार. दादाला सांगा एक लॅनची वायर टाकून घे, रंगकामाच्या आधी.

रॅम माझ्याकडची जुनी डीडीआर४ लावणार, म्हणून बोर्डही डीडीआर४ चाच बघितला. एकाच नावाचा बोर्ड डीडीआर४ आणि नव्या डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतो आणि रॅमची खाच वेगळ्या जागी असते, दाबून बसत नाही.

एक गोष्ट आईला आवडणार नाही. टीव्हीच्याच रिमोटने हा डबा चालू-बंद होणार नाही, सेट टॉप बॉक्ससारखी ती सोय साध्या मदरबोर्डांना सहसा नसते. यूएसबीचा छोटा रिसीव्हर आणि वेगळा रिमोट देईन, त्याने झोपलेला कॉम्प्युटर उठतो. पूर्ण बंद असेल तर उठतो का हे इथे करून बघते, सगळे बोर्ड नाही उठत. आणि बाबा, लाईट आल्यावर आपोआप चालू होऊ दे म्हणालात, बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या पानावर, तसं असतं खरं, पण मी ते बंद ठेवणार. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट येते ती तीन-चारदा डोळा मारून, प्रत्येक वेळी हार्डडिस्क फिरायला लागणार आणि बंद पडणार. लाईट स्थिरावली की तुम्ही हाताने बटण दाबा.

बोर्ड चिपळूणच्या पत्त्यावर येईल कारण मी गणपतीला तिथेच जुळवणार आहे. खोकं आलं की उघडू नका प्लीज, विशेषतः बाबा. मधल्या सॉकेटवरचं काळं प्लास्टिक काढायचं नाही, खाली १७०० बारीक पिना आहेत, एक वाकली की वॉरंटी नाही. खोक्यातला चौकोनी पत्रा, जो कॅबिनेटची मागची फट झाकतो, कचरा समजून टाकू नका, मागच्या वेळी तो नव्हता म्हणून पाल आत शिरली आणि वीज पुरवणाऱ्या डबीसकट (एसएमपीएस) मेली.

खोकं कपाटात वरच ठेवा, खालच्या कप्प्यात नको. आणि कप्प्याच्या मागे वायरींना हात जाईल एवढी जागा आहे का ते परत एकदा मोजा, ह्यावेळी सेंटीमीटरमध्ये.

तुमची,
बबी