डांबराची चौकशी करणाऱ्या मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

तुमचा अहवाल गावकीच्या बैठकीत मोठ्याने वाचून झाला आणि आम्हा होडीवाल्यांवरचं बालंट एकदाचं टळलं. फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही, "कामच आहे ते" म्हणून विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र.

पावसाळ्याच्या तोंडाला नैऋत्येचं वारं सुटलं की पुळणीवर डांबराचे गोळे येऊन पडतात, हे हर्णै-दापोलीकडे कुणाला नवीन नाही. वरून वाळूने माखलेले, नखाने उकरलं की आत काळे आणि चिकट. पायाला लागलं तर खोबरेल चोळत बसायचं. रापणीच्या जाळ्याला लागलं तर तेवढा भाग कापूनच टाकावा लागतो. यंदा पर्यटक नाक मुरडून परत गेले आणि खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी सगळं आमच्या माथी मारलं: तुमच्याच ट्रॉलरमधून सांडलेलं डिझेल आणि जळकं ऑइल आहे हे! पुरावा काय, तर ते काळं आहे आणि आमचं ऑइलही काळं असतं.

तुम्ही पहिल्याच फोनवर गोळ्यांच्या नमुन्यासाठी प्लास्टिकच्या पिशवीला नको म्हणालात, तेव्हा मला वाटलं, शहरातली माणसं, नखरे असणारच. काचेची बरणी, झाकणाखाली फॉइल, आणि बरणी बर्फात. माशांच्या पेटीतच ठेवली मग, दुसरं काय! पुढे तुम्ही सांगितलंत की प्लास्टिक मऊ राहावं म्हणून घातलेली रसायनं नमुन्यात उतरतात आणि यंत्रात 149 वजनाचा तुकडा उगाच डोकं वर काढतो. शिवाय होडीच्या टाकीतलं डिझेल आणि इंजिनखालचं काळं पाणीही तुम्ही मागवलंत. आमच्या बाजूचं म्हणून सोडलं नाहीत, हे मला फार आवडलं.

यंत्राचं तुम्ही समजावलंत तेवढं बैठकीत मी सांगितलं. डांबर द्रावकात विरघळवून बारीक नळीतून तापवत नेतात, म्हणजे त्यातले पदार्थ एकेक करून सुटे होतात. मग इलेक्ट्रॉनचा मारा करून प्रत्येकाचे तुकडे करायचे आणि त्या तुकड्यांची वजनं घ्यायची. डिझेलमध्ये साधारण 10 ते 25 कार्बनच्या साखळ्या. आमच्या गोळ्यात त्या 30 च्याही बऱ्याच पुढे गेलेल्या. मग इंजिन ऑइल असेल, असं एकजण लगेच म्हणालाच. त्यालाही तुमचं उत्तर तयार होतं: इंजिन ऑइल बनवताना मेण काढून टाकतात, त्यामुळे सरळ साखळ्या त्यात जवळजवळ उरत नाहीत, आणि इथे तर त्यांची रांगच लागली होती. म्हणजे हे कच्चं तेल किंवा मोठ्या जहाजांचं जड इंधन, जहाजातून किंवा खोल समुद्रातून आलेलं.

मला सगळ्यात गंमत वाटली ती 191 वजनाच्या तुकड्यांच्या आलेखाची. तिथे दिसतात ते होपेन, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जिवाणूंच्या पेशींचे अवशेष. हलका भाग उन्हात उडून जातो, लाटा उरलेल्याचे गोळे वळतात, पण होपेन लवकर हलत नाहीत. त्यांच्या शेजारी ओलिअनेनचं लहानसं टोक दाखवून तुम्ही म्हणालात, हे फुलझाडांचं देणं, म्हणजे ज्या खडकात हे तेल झालं तो फुलझाडं जगात आल्यानंतरचा. आमचे म्हातारे तांडेल हे ऐकून म्हणाले, "म्हणजे आमच्यापेक्षा जुनी झाडं लागली म्हणायची जाळ्याला!"

बैठकीत काहींना जहाजाचं नावच हवं होतं. ते तुम्ही दिलं नाहीत. संशयित जहाजाच्या टाकीतला नमुना शेजारी ठेवल्याशिवाय नाव घेता येत नाही, हे तुम्ही अहवालातच स्पष्ट लिहिलंत. मला आधी ते खटकलं, खरं सांगतो. आमचा राग कुणावर तरी काढायचा होता. पण त्या एका वाक्यामुळेच समोरच्या बाजूने बाकीचा कागद मान्य केला.

आता तक्रार बंदर खात्याकडे दोन्ही बाजूंनी मिळून गेली आहे, सोबत तुमच्या आलेखांची प्रत. खर्चाचं तुम्ही काही बोलत नाही, तर निदान नारळी पौर्णिमेला या. ताज्या सुरमईला तरी नाही म्हणू नका.

आपला,
हर्णैकडचा एक होडीवाला