दादाचा आयफोन घ्यावा की नवा अँड्रॉइड?

पुणे

ती. आई-बाबांना सा. न.

बाबांचा फोन आता बदलायलाच हवा. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’मध्ये सिक्युरिटी अपडेटची तारीख दिसते. ती पुढे सरकायची थांबली, की त्या फोनवर बँकेचं काम करू नये, मग तो कितीही नीट चालत असो. प्रश्न एवढाच, की दादा त्याचा वापरलेला आयफोन एक्सआर पाठवतोय तो घ्यायचा, की आपल्या साखळी गावच्या बाजारातून नवा अँड्रॉइड आणायचा. मी अँड्रॉइड म्हणेन.

एक्सआर २०१८ सालचा आहे. ॲपलने २०२५ मध्ये आयओएस २६ ही आयफोन चालवणारी प्रणाली आणली, ती आयफोन ११ आणि त्यापुढच्याच फोनांना मिळाली. एक्सआर आयओएस १८ वरच राहिला. जुना फोन ज्या कारणासाठी काढायचा, तेच दुखणं थोड्या दिवसांत पुन्हा दारात. शिवाय बॅटरीचं बघायला हवं. दादाला विचारा, सेटिंग्जच्या ‘बॅटरी हेल्थ’मध्ये ‘मॅक्सिमम कपॅसिटी’ किती दाखवते. ८० टक्क्यांच्या खाली असेल तर नवी बॅटरी टाकावी लागेल, म्हणजे फुकटचा फोन फुकट राहिला नाही.

सिमचीही अडचण आहे. बाबांची दोन सिमं आहेत आणि एक्सआरमध्ये सिमचा कप्पा एकच. दुसरा नंबर ई-सिमवर, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच चालणाऱ्या सिमवर, न्यावा लागेल. असं सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस बंद राहतात, ओटीपी येत नाही. पेन्शनच्या खात्याला जोडलेला नंबर यात मुळीच घालू नका.

आयफोनची एक गोष्ट मात्र खरंच चांगली. ‘आरटीओ चलन’ किंवा लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर जी एपीके फाइल (दाबली की ॲप बसवणारी) येते, ती आयफोनवर चढतच नाही. अँड्रॉइडवर चढते, एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि ओटीपी परस्पर चोराकडे पाठवते. हे दार अँड्रॉइडवरही लावून घेता येतं. सॅमसंग असेल तर सेटिंग्जमध्ये ‘सिक्युरिटी अँड प्रायव्हसी’त ‘ऑटो ब्लॉकर’ चालू आहे ना, ते पाहायचं. दुसऱ्या कंपनीचा असेल तर सेटिंग्जच्या शोधाच्या रकान्यात ‘अननोन ॲप्स’ लिहायचं, आणि जी यादी येईल तिच्यात व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल्स या तिघांची परवानगी बंद करायची. पण स्क्रीन शेअर करायला लावणाऱ्या भामट्यापुढे दोन्ही फोन सारखेच. तसं काही झालंच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मला नंतर.

आता व्हॉट्सॲप. अँड्रॉइडचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर असतो आणि तो आयफोनवर उतरत नाही. अँड्रॉइडवरून आयफोनवर जायचं तर ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप लागतं, तेही आयफोन कोरा असताना, पहिल्या सेटअपच्या वेळी. सेटअप उरकून वापर सुरू केला की पुसून पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही फोन चार्जरला लावलेले हवेत आणि एकाच वायफायवर, किंवा जुना फोन आयफोनच्या हॉटस्पॉटवर. मधेच वीज गेली आणि जोडणी तुटली तर सगळं परत. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे व्हायचंच.

अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर हेच काम सोपं. नव्या फोनवर व्हॉट्सॲप टाकून नंबर पडताळला की जुन्या फोनवरून चॅट आणायचं का, असं विचारतो. ‘स्टार्ट’ दाबलं की क्यूआर येतो. जुन्या फोनवर सेटिंग्ज, चॅट्स, ‘ट्रान्सफर चॅट्स’ असं जाऊन तो स्कॅन करायचा. दोन्हीकडे वायफाय आणि लोकेशन चालू ठेवा.

फोटोंचं वेगळं बघावं लागेल. गूगल फोटोज बॅकअप करतं, पण व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंचा फोल्डर आपण मुद्दाम चालू केल्याशिवाय त्यात धरत नाही. फुकटची जागा १५ जीबी, आणि मेल, ड्राइव्ह, व्हॉट्सॲपचा बॅकअप सगळं त्यातच. आयक्लाउडवर तर फुकट ५ जीबीच. फोन नंबरही तपासा: जे सिमवर किंवा फोनमध्ये साठवले असतील ते आधी गूगल खात्यात हलवा, नाहीतर नव्या फोनवर निम्मी माणसं दिसायची नाहीत.

यूपीआयचा पिन बदलत नाही, तोच चालतो. फोन मात्र नव्याने नोंदवावा लागतो. त्यासाठी बँकेला जोडलेलं सिम त्याच फोनमध्ये हवं आणि एसएमएस जाण्याइतका बॅलन्स हवा. हा एसएमएस सिमच्या रेंजवर जातो, वायफायवर नाही. म्हणून मधल्या खोलीत बसून करू नका, अंगणात या. अँड्रॉइडवर तो आपोआप जातो. आयफोनवर मेसेज तयार होऊन समोर येतो आणि ‘सेंड’ आपण दाबायचं असतं. लोक तिथेच थांबून राहतात आणि नोंदणी फसते. नवा फोन नोंदवल्यावर सुरुवातीला मिळून ५ हजारांचीच मर्यादा असते: अँड्रॉइडला २४ तास, आयफोनला ७२ तास. त्यामुळे गणेश चवथीच्या बाजाराच्या तोंडावर फोन बदलू नका. गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान घेताना खिशात रोख हवी, नाहीतर फोन आठवडाभर आधी बदललेला हवा.

आई, तुझ्या हाताला खालची तीन बटणं सवयीची आहेत, आणि बाबांचा फोन अर्धा वेळ तुझ्याच हातात असतो. अँड्रॉइडवर ती ठेवता येतात; सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, डिस्प्ले, ‘नेव्हिगेशन बार’, ‘बटन्स’. आयफोनला मागे जायचं बटणच नाही. काही ॲपमध्ये डाव्या कडेवरून बोट सरकवायचं, काहींत वरच्या कोपऱ्यातला बाण शोधायचा. साठी उलटल्यावर हे शिकता येत नाही असं नाही, पण उगाच कशाला? बोलून मराठी लिहायची तुझी सवयही गूगलच्या जीबोर्ड या कीबोर्डवर आहे तशीच चालेल.

घ्यायचाच तर सॅमसंगचा ए२६ बघा, २०२५ मध्ये आला तेव्हा २५ हजारांच्या आसपास होता. सहा वर्षं अपडेट देण्याचं कंपनीचं वचन आहे, आणि या किमतीत मला तेवढंच महत्त्वाचं वाटतं; कॅमेऱ्याच्या आकड्यांकडे दुकानदार वळवेल, तिकडे लक्ष देऊ नका. ८ जीबी रॅमचाच मागा. यात दुसरं सिम आणि मेमरी कार्ड एकाच जागेत बसतं, म्हणून दोन सिमं घातली की कार्ड नाही. १२८ जीबी तुम्हाला पुरे. पाणी-धुळीला टिकण्याचा आयपी६७ हा दर्जा असल्याने पावसाचं पाणी उडालं तरी चालतं, पण चार्जिंगचा पोर्ट ओला असताना चार्जर लावायचा नाही. आपल्या दमट हवेत तिथे गंज धरतो. चार्जर खोक्यात येत नाही, तो वेगळा घ्या, पण कंपनीचाच.

जुना फोन पंधरा दिवस कपाटात राहू द्या. बँक, यूपीआय, डिजिलॉकर, सगळं नव्यावर चालतंय याची खात्री झाली की मग त्यातून गूगल खातं काढायचं आणि त्यानंतरच रीसेट. खातं न काढता परस्पर पुसला तर पुढच्याला तुमचा पासवर्ड मागत बसेल.

माझं मत बदलेल ते एकाच गोष्टीने, बाबांच्या कानातल्या ऐकायच्या मशीनने. काही मशीनं फक्त आयफोनलाच थेट जोडली जातात. तसं असेल तर अँड्रॉइडवर कॉलचा आवाज सरळ कानात येणार नाही, आणि मग दादाकडे एक्सआर नव्हे, निदान आयफोन १३ मागावा लागेल. मशीनच्या खोक्यावर काय लिहिलंय त्याचा फोटो पाठवा. तोवर दुकानात जाऊ नका.

तुमची
शुभा