तुर्कीचा वर्ग बंद करून काय मिळवले?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला तुर्की सांस्कृतिक केंद्रांवरचा लेख वाचून रात्रभर चडफडत होते, म्हणून सकाळी चहा झाल्याबरोबर लिहायला बसले. लेखात युनूस एम्रेला ‘ऑटोमन सुलतान’ म्हटले आहे. निदान ही चूक तरी दुरुस्त करून छापा. तो संतकवी होता, आपल्या ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळातला. दरबारात फारसी आणि मदरशांत अरबी चालत असताना त्याने अनातोलियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, खेडुतांना कळेल अशा साध्या तुर्कीत पदे रचली. इकडे १२९० साली ज्ञानेश्वरी मराठीत सांगितली जात होती, तेव्हा तो तिकडे पन्नाशीच्या आसपास होता. तुर्कस्तानच्या २०० लिरांच्या नोटेवर त्याचे चित्र आहे आणि परदेशात तुर्की भाषा शिकवणारी ही केंद्रे चालवणाऱ्या संस्थेलाही नाव त्याचेच दिले आहे. वारकऱ्यांच्या महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्राने त्याला सुलतान करावे, याचे फार वाईट वाटले.

ही केंद्रे तुर्की सरकारच्या पैशावर चालतात हे मला मान्य आहे. २००७ च्या कायद्याने प्रतिष्ठान उभे राहिले आणि २००९ मध्ये पहिले केंद्र सारायेव्होत निघाले. आग्नेय युरोपातल्या ज्या बाल्कन मुलखावर ऑटोमन तुर्कांनी शतकानुशतके राज्य केले, तिथूनच सुरुवात का, असे लेखकाने विचारले असते तर मीही मान डोलावली असती. पण ‘भाषेच्या नावाखाली प्रचार’ एवढ्यावर विषय मिटवणे बरोबर नाही. पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात आपली मुले जर्मन शिकायला जातात, त्यामागेही जर्मन सरकारचा पैसा आहे. आपली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद १९५० पासून परदेशात हेच काम करते.

आता माझे सांगते. मी नगरची निवृत्त इतिहास शिक्षिका. आमच्या गावात तोफखाना नावाचा भाग आहे. इस्तंबूलमध्येही ‘तोपहाने’ नावाची वस्ती आहे आणि तिथे खरोखर तोफा ओतल्या जात. ‘तोफ’ हा शब्दच तुर्कीतून आलेला. विजापूरला बुरुजावर ठेवलेली मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये आमच्या नगरात ओतली गेली. ती ओतणाऱ्याचे नाव मुहम्मद बिन हसन रूमी, आणि रूमी म्हणजे ऑटोमन मुलखातला. तीस वर्षे वर्गात हे शिकवले, पण त्या माणसाच्या भाषेतला एक शब्द मला येत नव्हता. म्हणून बासष्टाव्या वर्षी एका खासगी संस्थेचा ऑनलाइन वर्ग लावला.

इझमीरच्या एक बाई शिकवायच्या. आपले रात्रीचे आठ म्हणजे त्यांचे साडेपाच, घरातली कामे अर्धवट टाकून बसायच्या बिचाऱ्या. आम्ही त्यांना ‘होजाम’ म्हणायचो, आपण ‘बाई’ म्हणतो तसेच. एकदा त्यांनी फळ्यावर ‘एव’ लिहिले, म्हणजे घर. मग त्याला एकेक प्रत्यय जोडत ‘एव्लेरिमिझदेन’पर्यंत नेले, म्हणजे ‘आमच्या घरांमधून’. सगळे एका शब्दात. मी म्हटले, आमच्या मराठीतही ‘घरांमधून’ असेच घडते. त्यांनी तो शब्द माझ्याकडून तीनदा म्हणून घेतला आणि आपल्या वहीत लिहून ठेवला.

२०२५ च्या मे महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी आल्या, ‘सद्यःस्थितीमुळे वर्ग बंद’. चोवीसपैकी अकरा तास झाले होते. साडेआठ हजार रुपये भरले होते, त्यातला एक पैसा परत आला नाही. चार वेळा फोन केला, कुणी उचलला नाही. पैशांपेक्षा जिव्हारी लागले ते हे की होजामचा साधा निरोपही घेता आला नाही.

त्याच महिन्यात हैदराबादच्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाने युनूस एम्रे संस्थेबरोबरचा करार तडकाफडकी मोडला. जानेवारी २०२४ मध्ये पाच वर्षांसाठी केला होता, तुर्कीची पदविका त्यातूनच चालायची. त्या वेळच्या भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली याचा संताप मलाही आला होता. पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदे नाकारली, ते योग्यच केले. मीही घेतली नाहीत. पण भाषा म्हणजे सफरचंदाची पेटी नव्हे. ज्या देशाशी बिनसले आहे, तिथली वर्तमानपत्रे वाचता येणारी माणसे आपल्याकडे जास्त हवीत की कमी? तुमच्या लेखकाने मात्र हैदराबादचा करार मोडण्याला ‘उशिरा सुचलेले शहाणपण’ म्हटले आहे. तिथल्या विद्यार्थ्यांपैकी एकाशी तरी ते बोलले होते का?

आणखी एक. शनिवारच्या पुरवणीतला मोडी लिपीचा कोपरा दिवाळीपासून बंद झाला आहे. कारणही छापले नाहीत. माझ्याकडे मोडी शिकायला येणाऱ्या दोन मुली तो कापून वहीत चिकटवायच्या, अजून दर शनिवारी विचारतात. तो पुन्हा सुरू करावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर