ओरेगॉन ट्रेल : हल्ल्यांपेक्षा कॉलराच जीवघेणा

महोदय,

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिमेकडे वस्तीसाठी निघालेल्या लोकांच्या गाड्यांची वाट म्हणजे ओरेगॉन ट्रेल. तिच्यावरचा रविवारच्या पुरवणीतील लेख आवडला. मात्र इंडियनांच्या, म्हणजे अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या, हल्ल्यांवर त्यात दिलेला भर खटकला. मिसुरीतील इंडिपेन्डन्सपासून ओरेगॉनपर्यंतच्या सुमारे ३,२०० किलोमीटरच्या वाटेवर सर्वाधिक बळी घेतले ते रोगराईने, त्यातही कॉलऱ्याने. ज्या पाण्याच्या काठी मुक्काम, तिथेच सारी घाण आणि पिण्याचे पाणीही तिथलेच. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत दगावे. त्याला वाटेतच पुरून तांडा पुढे निघे. शिवाय गाडीच्या चाकाखाली सापडून, नदी ओलांडताना बुडून, आपल्याच माणसाची बंदूक चुकून उडाल्याने कितीतरी जण गेले. गाड्या पिठाच्या पोत्यांनी भरलेल्या, त्यामुळे बायकामुलेही बहुतेक वाट पायीच तुडवत.

मूळ रहिवाशांनी या वाटेने जाणाऱ्या स्थलांतरितांना घोडे विकले, सामन मासे दिले, नदीपार उतरवले. त्यांच्या पदरात काय पडले, हे लेखात यायलाच हवे होते. १८६८च्या फोर्ट लारामी तहाने ब्लॅक हिल्सचा डोंगराळ मुलूख मूळ रहिवाशांपैकी लाकोटा या जमातीकडे राहील, असे अमेरिकी सरकारने लिहून दिले. १८७४मध्ये तिथे सोने सापडले आणि १८७७मध्ये सरकारने तो मुलूख काढून घेतला. १९८०मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मंजूर केली. लाकोटांनी ते पैसे नाकारले. त्यांची मागणी जमिनीची आहे.

– एक वाचक, सातारा