उपासाने कर्करोग जळत नाही

महोदय,

आषाढी जवळ आली की व्हॉट्सॲपवर एक संदेश हमखास फिरू लागतो. जपानी शास्त्रज्ञाला उपासाच्या शोधाबद्दल नोबेल मिळाले, उपाशी शरीर कर्करोगाच्या पेशी खाऊन टाकते, वगैरे. यंदा तो वाचून माझ्या जाऊबाईंनी रात्रीचे जेवण सोडले. त्यांना मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतल्या पेशींचा कर्करोग, आहे. दर आठवड्याच्या इंजेक्शनला गेल्यावर सिस्टरनी वजन केले, ते चार किलोंनी उतरलेले निघाले, तेव्हा कुठे घरात कळले.

योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले, हे खरे. पेशी स्वतःचेच निकामी भाग पचवून पुन्हा वापरते, त्या ऑटोफॅजीमागची जनुके त्यांनी शोधली. पण उपासमार झाली होती ती यीस्टची! माणसाने उपास केला की कर्करोग बरा होतो, असे त्या कामात कुठेही नाही.

उलट धोका आहे. निरोगी पेशीत ही साफसफाई कर्करोगाला अटकाव करते. संशोधक बेथ लेव्हिन यांच्या गटाने १९९९ मध्ये बेक्लिन-१ या जनुकाबाबत तसे दाखवले. गाठीने एकदा मूळ धरले की मात्र तीच सोय गाठीच्या कामी येते. गाठीच्या आत रक्त नीट पोचत नाही, प्राणवायू आणि साखर तोकडी पडते, आणि तिथल्या पेशी स्वतःचेच भाग पचवून तग धरतात. स्वादुपिंडाच्या कर्करोगात हे फार ठळक दिसते. म्हणून तर ऑटोफॅजी रोखणारी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन रुग्णांवर तपासली गेली. एकट्या त्या गोळीने फारसे साधले नाही, पण संशोधकांचा रोख कुठे आहे ते पाहा.

जाऊबाईंना मिळते ते बोर्टेझोमिबसुद्धा पेशीतली साफसफाई बंद पाडणारेच औषध आहे. मायलोमाच्या पेशी प्रथिने अफाट बनवतात, त्यातली बिघडलेली प्रोटिएसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या प्रथिने मोडणाऱ्या यंत्रणेत, मोडली जातात. ही वाट अडवली की कचरा तुंबून पेशी मरते. अमेरिकेत २००३ पासून ते मान्यताप्राप्त आहे.

मी स्वतः एकादशी करते. श्रद्धेबद्दल तक्रार नाही. पण केमो चालू असलेल्या माणसाचे वजन आणि ताकद टिकणे हा उपचाराचाच भाग असतो. आपल्या पुरवणीत उपासाचे फायदे सांगणारे लेख दरवर्षी येतात. त्यात ठळक चौकट टाकून एवढे छापावे: कर्करोगावर उपचार घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू नये.

— एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, सातारा