लेझरचे झोत आणि पन्हाळ्याचे आकाश

महोदय,

मिरवणुकीतल्या लेझरने डोळ्यांना इजा होते, हे कोल्हापुरात आता घरोघरी ठाऊक आहे. आकाशाकडे सोडलेल्या झोतांनी वातावरणाच्या मोजमापाचेही नुकसान होते, त्याकडे मात्र कुणाचे लक्ष नाही.

शिवाजी विद्यापीठाच्या आवारातल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या केंद्रातून 80 ते 98 किलोमीटर उंचीवरचे वारे रडारने मोजले गेले आहेत. रेडिओ लहरींवर चालणाऱ्या त्या रडारला उजेडाची बाधा नाही. पण त्याखालचे, 30 ते 80 किलोमीटरमधले तापमान रात्रभर मोजायचे तर लेझर रडार, म्हणजे लायडारच हवे. कारण हवामानाचे फुगे 35 किलोमीटरच्या आसपासच फुटतात. आंध्रातल्या गादंकीला 1998 पासून लायडार आहे. पन्हाळ्यावरही ते व्हावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

लायडारमधून 532 नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरव्या लेझरचे सेकंदाला 20 ठोके (क्षणिक झोत) सरळ वर सोडतात. हवेच्या रेणूंवरून परतलेला उजेड दुर्बीण गोळा करते आणि फोटोमल्टिप्लायर ही अतिसंवेदनशील नळी एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, मोजते. अर्ध्या ज्यूलच्या ठोक्यात एकावर 18 शून्ये इतके फोटॉन वर जातात, तरी 80 किलोमीटरवरच्या 300 मीटर थरातून ठोक्यामागे सरासरी एकही हाती लागत नाही. म्हणून चार मिनिटांतल्या सुमारे 5,000 ठोक्यांची बेरीज करतात. तिला अंतराच्या वर्गाने गुणले की उंचीनुसार हवेची घनता कशी घटते ते कळते आणि त्यावरून तापमान. 30 किलोमीटरखाली धूलिकणांचा उजेड मिसळतो, तिथे हे गणित चालत नाही. जवळच्या हवेचा प्रखर उजेड नळीवर पडला तर ती नंतरही खोटे फोटॉन मोजत राहते आणि वरची हवा आहे त्याहून गरम दिसते. त्यामुळे प्रत्येक ठोक्यानंतर पहिले शंभरेक मायक्रोसेकंद फिरत्या चकतीने नळी झाकून ठेवावी लागते.

बाहेरचा उजेड अडवायला 532 च्या आसपासचा एक नॅनोमीटर रुंदीचा पट्टाच आत सोडणारा फिल्टर असतो. अडचण अशी, की मिरवणुकांतले पुष्कळ हिरवे लेझर नेमके 532 नॅनोमीटरचेच असतात. फिल्टर त्यांना अडवूच शकत नाही. शार्पीचा, म्हणजे समारंभातल्या फिरत्या प्रखर दिव्याचा, पांढरा झोत धुळीवर पसरला की त्यातलाही हिरवा अंश आत येतो. या परक्या उजेडाची सरासरी वजा करता येते, पण झोत फिरता असला की चढउतार उरतोच. हवा दर 15-16 किलोमीटरला दहापट विरळ होते. म्हणजे परका उजेड दहापट झाला, की 80 किलोमीटरपर्यंत पोचणारे मोजमाप 65 च्या आसपास थांबते.

गणपतीत बहुधा ढगच असतात, तेव्हा लायडार बंदच राहील. खरा फटका बसेल तो नोव्हेंबरनंतरच्या निरभ्र रात्रींना, म्हणजे ऐन लग्नसराईत. लायडारचा स्वतःचा झोत वर सोडायलाही विमान वाहतूक नियंत्रणाची परवानगी घ्यावी लागते. मग मंगल कार्यालयांच्या झोतांना मोकळीक कशासाठी? नोव्हेंबर ते मार्च या काळात पन्हाळा आणि विद्यापीठ परिसरात आडव्या रेषेच्या वर झोत सोडायला जिल्हा प्रशासनाने मनाई करावी आणि गडावरच्या रस्त्यांच्या दिव्यांना वरून झाकणे बसवावीत.

– वातावरणशास्त्राचे अभ्यासक, कोल्हापूर