ग्रीनला शिवला की नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात एका गोल्फ स्पर्धेत एका अठरा-एकोणीस वर्षांच्या कॅडीला, म्हणजे खेळाडूची बॅग वाहणाऱ्या पोराला, चारचौघांत बोलणी खावी लागली. तो ज्यांची बॅग वाहत होता त्या साहेबांचा बॉल ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, काठाशी थांबला होता. पोरानं सवयीनं बॉलच्या जागेची खूण म्हणून मार्कर ठेवला, बॉल उचलला, टॉवेलनं पुसला. बॉल मात्र बोटभर बाहेर, फ्रिंजवर, म्हणजे ग्रीनभोवतीच्या गवताच्या पट्ट्यावर होता. साहेबांना एका फटक्याचा दंड बसला आणि सगळा राग पोरावर निघाला.

मी तीस वर्षं बॅगा वाहिल्या, म्हणून लिहितो. बॉलचा थोडासा भाग जरी ग्रीनला शिवत असेल, तरी बॉल ग्रीनवर. शिवत नसेल तर बाहेर, मग फ्रिंजचं गवत कितीही बारीक कापलेलं असो. उभ्यानं बघून हे कळत नाही. सकाळच्या दवात तर दोन्ही गवतं सारखीच चमकतात. गुडघा टेकून बाजूनं बघावं लागतं. २०१९ पासून कॅडीला खेळाडूला न विचारता बॉल उचलता येतो, पण तो ग्रीनवरचा. पोरांना यातलं पहिलं अर्धंच कानावर आलेलं असतं.

या बोटभर अंतरानं बरंच बदलतं. ग्रीनवर चुकून पाय लागून बॉल हलला तर दंड नाही, परत जागेवर ठेवायचा. फ्रिंजवर हलला तर परत ठेवायचाच, वर एक फटका दंड. बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, उडालेली वाळू ग्रीनवरून झाडता येते, फ्रिंजवरून नाही. आणि बॉल फ्रिंजवर असला तरी पुढच्या ग्रीनवरची वाळू झाडायला, बॉल पडून झालेला खड्डा बुजवायला पूर्ण मुभा आहे. हे कित्येक जुन्या खेळाडूंनाही ठाऊक नसतं, उगाच घाबरून तसंच मारतात.

त्या पोराला यातलं काहीही कुणी बसवून शिकवलं नव्हतं. मीही मोठ्या कॅडींचं ऐकूनच शिकलो, आणि त्यातलं निम्मं चुकीचं निघालं. क्लबांना हात जोडून विनंती आहे: स्पर्धेच्या आदल्या दिवशी सरावाच्या ग्रीनवर अर्धा तास द्या, काठावर चार बॉल मांडून पोरांना दाखवा, आणि एवढे नियम मराठीत एका कागदावर लिहून कॅडींच्या खोलीत लावा. शिकवायला माणूस नसेल तर मी येईन. पैसे नकोत, सकाळी सहाला बोलावलं तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त कॅडी, पुणे